नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठी भाषेने आपली केलेली एक थट्टा माझ्या फार उशिरा लक्षात आली. पाळण्यातल्या मुलाला नाव देणे याला आपण 'नाव ठेवणे' म्हणतो आणि दुसऱ्याच्या वागण्याबोलण्यात खोट काढणे याला 'नावे ठेवणे'. दोहोंत फरक काय तो एका मात्रेचा. बारशाच्या दिवशी आत्या पहिले काम करते आणि जमलेली बाकीची मंडळी घुगऱ्या खाता खाता दुसरे. दोन्ही कामे एकाच दिवशी, एकाच दिवाणखान्यात आणि सारख्याच उत्साहाने पार पडतात.

२०२४ च्या पावसाळ्यात आमच्या घरी नात झाली. बाराव्या दिवशी पाळणा सजला. माझ्या मुलीने, म्हणजे बाळाच्या आत्याने, कानात नाव सांगितले, बायकांनी 'कुर्रर्र' करून तिच्या पाठीत रीतसर धपाटे घातले, आणि नाव जाहीर झाले : सई. सगळ्यांनाच ते आवडले. दोन अक्षरांचे, जुने, आणि तरी शिळे न वाटणारे. सई म्हणजे मैत्रीण. शिवाय शंभूराजांच्या मातोश्री सईबाई या फलटणच्या निंबाळकरांच्या लेक, आणि आम्ही पडलो सातारकर. तेव्हा त्या नावावर आमचा थोडा माहेरचा हक्क आहेच, असे मी दोनतीन पाहुण्यांना ऐकवूनही टाकले.

इथवर सारे गोड चालले होते. तेवढ्यात माझ्या मुलाने पाळण्यामागच्या भिंतीवरचा पडदा बाजूला केला. तिथे सोनेरी पुठ्ठ्याची चार इंग्रजी अक्षरे डकवली होती : एस, ए, ई आणि पुन्हा ई.

कानाला जे नाव गोड लागले होते ते डोळ्यांना अडखळू लागले. सुनेच्या मामी चष्मा वर-खाली करीत म्हणाल्या, "एक ई जास्त पडली का गं?" कुणी म्हणाले, "हे 'सी' झालं. समुद्र!" माझा भाचा बंगळुरूला असतो. तिकडे 'त' लिहायला टी आणि एच ही दोन अक्षरे वापरण्याची चाल असल्यामुळे आपली गीता त्यांच्या कागदावर आपल्याला गीथा दिसते. तो म्हणाला, "मामा, आमच्याकडं हिला सगळे 'साये' म्हणणार." यावर आमच्या सौभाग्यवती पाळण्याची दोरी न सोडता म्हणाल्या, "म्हणू देत की. नातवंड म्हणजे दुधावरची सायच!" भाचा गप्प झाला. सौभाग्यवतींनी व्याकरणात कधी भाग घेतला नाही, पण वादात त्या हरल्याचेही मला आठवत नाही.

सर्वांत गंभीर होते ते शेजारचे गृहस्थ. ते अंकशास्त्र जाणतात. त्यांनी खिशातून पेन काढले आणि घुगऱ्यांच्या कागदी द्रोणावरच हिशेब मांडला. एसचे तीन, एचा एक, दोन ईंचे पाच-पाच. एकूण चौदा, म्हणजे एक आणि चार पाच. "पाच म्हणजे बुध. वाईट नाही. पण मध्ये एक वाय घाला. पंधरा होतात, म्हणजे सहा. सहा म्हणजे शुक्र! सगळं ऐश्वर्य." मुलीच्या भाग्यासाठी एका अक्षराचाच खर्च आहे म्हटल्यावर दोघेतिघे लगेच वायच्या बाजूने झाले. द्रोणातल्या घुगऱ्या संपल्यावर तो हिशेब त्यांनी माझ्या हाती दिला. अजून कपाटात असेल.

सूनबाई इतका वेळ हसत होती. मग तिने शांतपणे सांगितले की हा चाळा नव्हे. एस-ए-आय लिहिले की जग 'साई' वाचते. साई हे नाव थोर आहे, पण ते हिचे नाही. मराठीत एका कान्याने माणूस बदलतो आणि इंग्रजीत तो काना दाखवायची सोय नाही. म्हणून तिने दोन ई घातल्या : निदान वाचणारा थबकेल आणि विचारील तरी.

तिचे म्हणणे अनुभवाचे होते. तिचे स्वतःचे नाव ऋचा. आपण ऋ हा 'रु' म्हणतो, हिंदी मुलुखात तो 'रि' म्हणतात. तिच्या कचेरीत इंदूरचे लोक तिला रिचा म्हणतात, पुण्याचे रुचा म्हणतात आणि दूर परदेशातून बोलणारा एक साहेब रुका म्हणतो. माझ्या मुलाची कथा त्याहून न्यारी. त्याचे नाव मी मोठ्या हौसेने ज्ञानेश ठेवले. माउलींचे नाव, त्यात कुणाला काय अडचण येणार? पण ज्ञ हे अक्षर मोठे बिलंदर. आपण त्याचा उच्चार 'द्न्य' करतो, हिंदीवाले 'ग्य' करतात, गुजराती 'ग्न' करतात. मराठी रिवाजाने मी त्याचे स्पेलिंग डी-एन-वाय असे सुरू केले. तो दिल्लीला नोकरीला गेला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला 'डिन्यानेश' अशी हाक आली, आणि दोन वर्षांनी तो परत आला तेव्हा तिथले मित्र त्याला नुसते 'डिनू' म्हणत होते. ज्ञानाचा एवढा संक्षेप दुसरीकडे कुठे झाला नसेल. अर्थात ज्यांच्या घराण्याचे 'ठाकूर' साहेबांच्या जिभेवर 'टागोर' झाले त्या रवींद्रनाथांपुढे आमची तक्रार ती काय!

वाद रंगत गेला तशी एकेकाची नजर माझ्याकडे वळू लागली. ते साहजिक होते. मी सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. नातेवाइकांच्या लग्नपत्रिका छापायला जाण्यापूर्वी माझ्या हाताखालून जातात. 'शुभाशीर्वाद'मधली दीर्घ वेलांटी मी किती पत्रिकांत घातली असेल, गणती नाही. "आता गुरुजींनीच काय ते सांगावं," असे मामी म्हणाल्या. दहा वर्षांपूर्वी असतो तर मी सांगितलेही असते. पण त्या दिवशी मी म्हटले, "बघू, अजून वेळ आहे," आणि पाण्याचा तांब्या आणण्याच्या निमित्ताने आत निघून गेलो.

आत जाऊन मी काय केले ते कुणाला ठाऊक नाही. माझ्या जुन्या ट्रंकेत अक्काच्या पत्रांचा एक गठ्ठा आहे. तो उघडून बसलो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचा जन्म १९४१ चा. माझे वडील साताऱ्यात एका लहानशा छापखान्यात खिळे जुळवायचे काम करीत. ज्यांनी हाताने जुळणी पाहिली नसेल त्यांना सांगतो : देवनागरीच्या खिळ्यांची केस म्हणजे शेकडो खणांचे एक अवाढव्य बिऱ्हाड. अक्षरे, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वर-खालच्या मात्रा. प्रत्येकाला वेगळा खण. डोळे मजकुराच्या कागदावर आणि हात खणांतून भिरभिरणारा, असे वडील दिवसाचे दहा तास उभे असत. अशा माणसाला सावरकरांची लिपिशुद्धी आवडली नसती तरच नवल. सावरकरांचे म्हणणे असे की, आ, ओ, औ ही अक्षरे आपण अ लाच काना-मात्रा देऊन लिहितो. मग इ, उ, ए यांनीच वेगळी चूल का मांडावी? अ ला वेलांटी द्या, उकार द्या, मात्रा द्या. अि, अी, अु, अू. तेवढे खिळे वाचले. 'किर्लोस्कर' मासिकातही ही अ ची बाराखडी छापली जात असे. इतर लोक तिच्याकडे चळवळ म्हणून पाहत. वडिलांच्या दुखऱ्या पायांना त्यात विसावा दिसत होता.

तेव्हा पहिली मुलगी झाली आणि तिचे नाव उषा ठेवायचे ठरले, तेव्हा वडिलांनी ते 'अुषा' असे लिहिले. पाळण्यावर खडूने लिहिले, घरातल्या पोथीच्या मागच्या कोऱ्या पानावर जन्मवेळेसह लिहिले. छापखान्यात मालक नसताना वडिलांनी तीनच खिळे जुळवून, लाल शाईने तिच्या नावाची चिठ्ठी छापली. ती चिठ्ठी आईने देवघराच्या फळीला भाताच्या शिताने चिकटवली होती. मी लहानपणी पाहिली आहे.

१९४७ च्या जूनमध्ये अक्का शाळेत गेली. पाटीवर नाव लिहून दाखवायला सांगितले तेव्हा तिने घरी शिकवलेले लिहिले. मास्तर म्हणाले, "हे अ ला शेपूट कुणी लावलं?" वर्ग हसला. त्या दिवसापासून मुले तिला 'अऊ' म्हणू लागली. मास्तरांनी पाटी ओल्या फडक्याने पुसली, वर उ काढला आणि रजिस्टरात 'उषा' अशी नोंद केली. ही सारी हकिकत मला आईने सांगितली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. वडील भांडायला गेले नाहीत. खिळे जुळवणारा माणूस मास्तरांशी काय भांडणार? ते एवढेच म्हणाले, "शाळेत त्यांची उषा, घरात आपली अुषा." आणि दोन वर्षांनी मी झालो तेव्हा त्यांनी माझे नाव गजानन ठेवले. त्यात वेलांटी नाही, उकार नाही, आणि सुरुवातीला स्वर तर नाहीच. मास्तरांना हात घालायला जागाच ठेवली नाही त्यांनी.

अ ची बाराखडी पुढे मागे पडली. पुस्तकांतून गेली, मासिकांतून गेली. पण अक्काने मला सांगलीहून जी पत्रे लिहिली त्या प्रत्येकाच्या शेवटी 'तुझी अुषाक्का' अशी सही आहे. निळ्या अंतर्देशीय पत्रांवर, पोस्टकार्डांवर, आणि अखेरअखेर हात थरथरू लागल्यावर वहीच्या फाडलेल्या पानांवर. बँकेत ती उषा होती, रेशनकार्डावर उषा होती. २०१६ साली ती गेली तेव्हा वर्तमानपत्रात जे निवेदन आले त्यातही उषाच छापले गेले. मजकूर मीच तपासला होता. पेन हातात होते. पण वाचणारे म्हणतील, गुरुजींना साधा उ लिहिता येत नाही, या भीतीने मी तसेच जाऊ दिले.

मला अशी भीती वाटावी हे विचित्रच, कारण हयातभर मी ती दुसऱ्यांना घालीत आलो होतो. मी १९७० साली जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागातल्या एका गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले होते. ते मला तोंडपाठ होते. १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली, तेव्हा माझ्या लाल पेन्सिलीला जणू नवी धार आली. जूनमध्ये पहिलीची नावनोंदणी म्हणजे माझा सणच. मळलेल्या धोतराचा बाप किंवा डोक्यावरचा पदर सावरणारी आई समोर उभी राही, नाव सांगे, आणि मी ते शुद्ध करून उतरवून घेई. इठ्ठलचा विठ्ठल झाला, परल्हादाचा प्रल्हाद झाला, लक्षुमीची लक्ष्मी झाली. कुणी शिकलेला चुलता चिठ्ठीवर लिहून देई, तर त्यातल्या 'दिपक'ची वेलांटी मी दीर्घ करी, 'सुनिता'ची सुनीता करी, 'अनिरूद्ध'चा उकार ऱ्हस्व करी. जन्मतारीख ठाऊक नसली तर आम्ही १ जून लिहीत असू. आज महाराष्ट्रात १ जूनला वाढदिवस असणारी पिढ्यान्‌पिढ्या माणसे आहेत, ती सगळी काही त्या दिवशी जन्मलेली नाहीत. ती आम्हा मास्तरांची लेकरे. पण तारखेची आम्हांला पर्वा नव्हती. नाव मात्र शुद्ध हवे.

त्या भागात एक नाव वरचेवर येई : नकुसा. ज्या घरी आधीच दोनतीन मुली आहेत तिथे आणखी एक झाली की तिचे नाव नकुसा किंवा नकोशी ठेवीत. नको असलेली. असे नाव ठेवले की पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. माझ्या रजिस्टरांत अशा किती होत्या ते मी कधी मोजले नाही. पहिलीच्या वर्गात मी हजेरी घेई, "नकुसा", आणि एखादी चिमुरडी "हजर" म्हणून ओरडे. मला त्यात कधी काही खटकले नाही. खटकण्यासारखे काय होते? क ला पहिला उकार, स दंत्य, सगळे बरोबर.

१९८४ च्या सुमाराची गोष्ट. चौथीत अशीच एक नकुसा होती. अक्षर मोत्यासारखे. एके दिवशी तपासायला आलेल्या वहीवर तिने नाव लिहिले होते : 'नकुषा'. मी तिला टेबलाशी बोलावले आणि विचारले, "हा कोणता ष लिहिलास?"

"पोटफोड्या," ती म्हणाली.

"का?"

तिने खाली पाहिले. मग म्हणाली, "मनीषात हाय तसा, गुर्जी."

मनीषा म्हणजे तिच्या शेजारी बसणारी, सरपंचांची पुतणी. आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. त्या पोरीने एका अक्षराने स्वतःचे बारसे करून घेतले होते. उच्चार जवळजवळ तोच, त्यामुळे घरी कुणाला कळायचे कारण नाही; पण कागदावर तरी ती नकोशी राहत नव्हती. मनीषाच्या, उषाच्या पंगतीत बसत होती. दुसऱ्या कुणाला नसेल, पण मला हे कळायला हवे होते. ज्याच्या घरात फळीला 'अुषा'ची चिठ्ठी चिकटवलेली होती, त्याला.

मी तिला दंत्य, तालव्य आणि मूर्धन्य हा भेद समजावून दिला. जीभ कुठे लागते ते बोट दाखवून सांगितले. लाल पेन्सिलीने ष वर काट मारली, वर स लिहिला आणि वही परत केली. ती हुशार होती. दुसऱ्या दिवशी नव्या पानावर तिने वळणदार अक्षरात 'नकुसा' असे लिहून आणले. त्या पानावर मी 'शाबास' असा शेरा दिला.

मी २००७ साली निवृत्त झालो. ऑक्टोबर २०११ मध्ये सकाळच्या वर्तमानपत्रात बातमी वाचली की, साताऱ्यात एका समारंभात अशा २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. ज्याचे त्याने आवडीचे नाव निवडायचे. कुणी नटीचे निवडले, कुणी देवीचे. नव्या नावाचे प्रमाणपत्र हाती घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या मुलींचे छायाचित्र होते. मी चष्मा पुसून ते पुन्हा पुन्हा पाहिले. माझी नकुषा त्यांत असणे शक्य नव्हते. ती तोवर पस्तिशी ओलांडून गेली असणार. कुठे असेल, काय नाव लावीत असेल, मला ठाऊक नाही. सातवीनंतर तिचे लग्न झाल्याचे तेवढे ऐकले होते.

त्या दिवशी दुपारी मी सांगलीला फोन केला आणि अक्काला ही सगळी हकिकत सांगितली. पहिल्यांदाच. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "किती वेळा खोडलास तिचा ष?"

"एकदाच, अक्का."

"हं," ती म्हणाली. "मास्तरांनी माझा अ पण एकदाच पुसला होता."

आणि मग तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

असो. बारशाच्या दिवशी मी आतल्या खोलीत बसलो होतो तो या दोघींबरोबर. बाहेर शुक्र आणि बुध यांचे भांडण चालूच होते.

जन्मनोंदणीला नाव घालायचे राहिले होते. तसा कायदा उदार आहे. नोंद आधी बिननावाची झालेली असली तरी बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, आणि विलंबशुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंतही. म्हणजे मुलगी दहावीला जाईतो तिच्या स्पेलिंगवर वाद घालायची सोय आहे. पण आता घाई असते, कारण १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळेपासून मतदारयादीपर्यंत सगळीकडे जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. अक्काच्या वेळी शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जे असेल ते आयुष्यभर चिकटत असे; आता त्याच्याही आधी, दात येण्यापूर्वीच, माणूस पक्का होतो. एक बदल मला मनापासून आवडला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आमच्या राज्यात आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावायचे असे ठरले आहे. सई ऋचा ज्ञानेश. तिघांच्या तीन तऱ्हा, आणि तिन्ही स्पेलिंगे विचारून घ्यावी लागणारी.

मुलाला रजा नव्हती. त्याने आणि सूनबाईने सह्या करून दिलेला अर्ज घेऊन मीच सुनेच्या माहेरगावी नोंदणीच्या कचेरीत गेलो. बाळाचा जन्म तिथलाच. खिडकीत एक तरुण मुलगी बसली होती. तिने अर्ज पाहिला आणि नम्रपणे म्हणाली, "आजोबा, हे स्पेलिंग चुकलंय का? दोन ई आहेत."

"दोनच आहेत," मी म्हणालो.

"एस-ए-आय करू का? बरेच जण तसंच लिहितात. पुढं त्रास होत नाही."

तिचा हेतू चांगला होता. माझाही नेहमी चांगलाच असे.

"नको, बाळ," मी म्हटले. "तिच्या आईनं जसं लिहिलंय तसंच उतरवून घे."

तिने एकवार माझ्याकडे पाहिले आणि अक्षरे टंकली. हल्ली इंग्रजी अक्षरे टंकली की मराठी नाव यंत्र आपल्या मनाने उमटवते. तिने कच्चा कागद छापून खिडकीतून माझ्याकडे सरकवला. "नीट तपासून घ्या. एकदा पक्कं झालं की बदलायला फार खेटे पडतात."

इंग्रजीच्या रकान्यात एस, ए, ई, ई बरोबर होते. मराठीच्या रकान्यात छापले होते : साई.

मी खिशात हात घातला. सवयीने तिथे लाल पेनच होते. सईच्या स चा काना मी खोडला, समासात बाण काढून 'काना नको' असे लिहिले आणि कागद परत दिला. मुलगी हसली. "शिक्षक होता वाटतं?"

"होतो," मी म्हणालो.

दुसरा कागद आला. तो मी तीनदा वाचला. माझ्यामागे रांग खोळंबली होती. एक बाई मान लांबवून कागदाकडे पाहत होत्या, त्यांनी विचारले, "काय हो नाव?"

मी ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवले.